कागदाच्या एकाच बाजूस

माझी पहिली कथा 'साभार परत' आली तेव्हा ती कुणी वाचलेलीच नव्हती, याचा माझ्याकडे सज्जड पुरावा आहे. चौथे आणि पाचवे पान मी मुद्दाम किंचित खळ लावून चिकटवले होते. ती पाने तशीच चिकटलेली, एकमेकांना न सोडता परत आली. सोबत एक छापील चिठ्ठी होती आणि तिच्यातल्या एका ओळीखाली तांबड्या पेन्सिलीची रेघ होती : 'मजकूर कागदाच्या एकाच बाजूस लिहावा.' मी दोन्ही बाजूंस लिहिला होता. त्या काळात कागदाची टंचाई होती आणि मी तरुण असल्यामुळे देशभक्त होतो.

दिवाळी अंकांच्या लेखकांसाठी सूचना त्या वेळी पाच ओळींत आटपत. कागदाच्या एकाच बाजूस, सुवाच्य अक्षरात लिहावे. डावीकडे समास सोडावा. एक प्रत स्वत:जवळ ठेवावी. साहित्य परत हवे असल्यास पुरेशी तिकिटे लावलेले पाकीट जोडावे. निवडीबाबत पत्रव्यवहार करू नये. बस्स. पुढे बऱ्याच वर्षांनी छापखान्यातल्या एका म्हाताऱ्या कंपोझिटरने मला सांगितले, की पाने तीन-चार जणांत वाटून खिळे जुळवायला घेत. दोन्ही बाजूंस लिहिले, तर एकाच्या हातातल्या कागदाच्या पाठीवर दुसऱ्याचे काम अडकून बसे. इतके साधे कारण! सूचनेशेजारी ते चार शब्दांत छापले असते, तर त्या संपादकाचा द्वेष करण्यात माझी जी दहा वर्षे गेली ती वाचली असती, आणि कदाचित चार-दोन कथा जास्त झाल्या असत्या. मराठी साहित्याचे नशीब, दुसरे काय.

हे सगळे आठवायचे कारण आमची पुतणी. ती शास्त्रज्ञ आहे आणि एका मुक्त विज्ञानाच्या नियतकालिकाच्या संपादक मंडळावर बिनपगारी काम करते. मुक्त विज्ञान म्हणजे काय हे तिने मला तीनदा समजावून सांगितले आहे. शास्त्रज्ञांचे निबंध वाचायला कुणाला पैसे पडू नयेत, त्यांच्यामागची आकडेवारी सर्वांना पाहता यावी, आणि शक्य तर विज्ञानाच्या कामात बाहेरच्या माणसालाही हात लावता यावा, अशी ही चळवळ. तिचा बुडापेस्टचा जाहीरनामा १४ फेब्रुवारी २००२ रोजी निघाला. प्रेमिकांचा दिवस. तेव्हा आरंभापासूनच मामला हृदयाचा होता असे म्हणायला हरकत नाही.

"काका, आम्ही लेखकांसाठीच्या सूचना सुधारतोय," ती म्हणाली. "तुम्ही एकदा सामान्य माणूस म्हणून वाचून द्याल?"

सामान्य माणूस म्हणून इतक्या आदराने मला आजवर कुणी बोलावले नव्हते. मी हो म्हटले. तिने बाड पुढे ठेवले. त्रेचाळीस पाने होती. दोन्ही बाजूंस छापलेली.

मी आयुष्यात बरीच पुस्तक-परीक्षणे लिहिली आहेत. त्यांतली काही पुस्तके वाचूनसुद्धा. तेव्हा ही कृतीही त्याच शिस्तीत तपासायचे ठरवले. कथानक सरळ आहे. नायक एक लेखक. त्याच्यापाशी एक निबंध आहे आणि तो त्याला संपादकापर्यंत पोचवायचा आहे. वाटेत 'प्रणाली' नावाची एक राक्षसीण बसलेली आहे. ती त्याला कोडी घालते. सारांश किती शब्दांचा? सहाव्या पानावर अडीचशे, एकतिसाव्या पानावर दोनशे. चित्रे मजकुरात घालायची की शेवटी? पान बाराप्रमाणे मजकुरात, पान सोळाप्रमाणे शेवटी, आणि पान अठराप्रमाणे दोन्हीकडे नाही, वेगळ्या धारिकेत. नायक शेवटपर्यंत संपादकाला भेटत नाही. त्या दृष्टीने ही शोकांतिका आहे.

भाषेबद्दल बोलायचे तर कर्मणी प्रयोगाचा इतका मुक्त वापर मी सातबाराच्या उताऱ्यातही पाहिला नाही. 'सादर केले जावे', 'गृहीत धरले जाईल', 'परत पाठविले जाण्यात येईल'. त्रेचाळीस पानांत कुणीही माणूस काहीही करत नाही. सगळे आपोआप केले जाते. एका ठिकाणी मात्र दोन ओळींत दुप्पट अंतर सोडावे असे वाचले आणि मला गहिवरून आले. हे अंतर टंकलेखनाच्या काळातले. संपादकाला दोन ओळींच्या मध्ये पेन्सिलीने दुरुस्त्या करता याव्यात म्हणून सोडायचे. आता पेन्सिल गेली, टंकयंत्र गेले, मजकूर पडद्यावर वाचतात आणि अंतर हवे तेवढे तिथेच वाढवता येते. पण सूचना आहे. घरातले मांजर पळू नये म्हणून श्राद्धाच्या दिवशी ते टोपलीखाली झाकत, आणि मांजर मेल्यावर पुढच्या पिढीने शेजारचे मांजर आणून झाकले, ती गोष्ट तुम्हांला ठाऊक असेलच.

मांजरावरून सांगतो. ही पुढची गोष्ट मात्र अगदी खरी आहे. १९७५ साली अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या जॅक हेदरिंग्टन या पदार्थवैज्ञानिकाने एक निबंध लिहिला. एकट्यानेच लिहिला, पण सवयीने सगळीकडे 'आम्ही' असे म्हटले. एका सहकाऱ्याने सांगितले, की त्या नियतकालिकात एकट्या लेखकाचे 'आम्ही' चालत नाही. आता सगळा निबंध पुन्हा टंकलिखित कोण करणार? गृहस्थांनी घरच्या चेस्टर नावाच्या मांजराला एफ. डी. सी. विलार्ड असे भारदस्त नाव देऊन सहलेखक केले. निबंध फिजिकल रिव्ह्यू लेटर्स या नामांकित नियतकालिकात छापून आला. त्या मित्रांना वाटलेल्या प्रतींवर मांजराच्या पंजाची सही आहे. हे नियतकालिक काढणाऱ्या अमेरिकन फिजिकल सोसायटीने पुढे २०१४ साली, एक एप्रिलला, जाहीर केले की मांजरांनी लिहिलेले सर्व निबंध यापुढे सर्वांना वाचायला मुक्त! मुक्त विज्ञानात मांजरांना प्रवेश मिळाला तो असा. नियमाला कारण दिसत नसले, की हुशार माणूस नियम पाळत नाही आणि मोडतही नाही. तो मांजर शोधतो.

इथवर मला मजा येत होती. पण पुतणीने वाचायला सांगितले तेव्हा मनात आमचे मास्तर होते, हे मी तिला सांगितले नव्हते.

मास्तर म्हणजे कोकणातल्या एका शाळेतून निवृत्त झालेले माझे स्नेही. १९८६ पासून त्यांनी एकरेघी वह्यांत नोंदी ठेवल्या आहेत. आंब्याला पहिला मोहोर कधी दिसला, पावशा पहिल्यांदा कधी ओरडला, काजवे कधी चमकले, वळवाची पहिली सर कधी आली. रोज. लग्नाच्या दिवशीसुद्धा नोंद आहे : 'मोहोर नाही. विवाह.' त्यांच्या नातवाने कुठेतरी वाचले, की अशा नोंदी हवामानबदलाच्या अभ्यासाला लागतात आणि मुक्त विज्ञानाची नियतकालिके सामान्य नागरिकांकडूनही त्या मागवतात. मास्तरांनी एका नियतकालिकाच्या प्रणालीपुढे बसून तीन संध्याकाळी घालवल्या.

प्रणालीने विचारले, संस्था कोणती? रिकामे ठेवले, तर पुढचे पान उघडेना. मास्तरांनी 'घर' असे लिहिले. संस्थेचा ई-मेल पत्ता? नातवाचा दिला, तो खाजगी म्हणून नाकारला. ऑर्किड? हा संशोधकांना मिळणारा सोळा आकडी ओळखक्रमांक. २०१२ पासून सुरू आहे, फुकट मिळतो, चांगली सोय आहे. पण हे तिथे सांगितलेले नव्हते. मास्तरांनी प्रामाणिकपणे लिहिले, 'आहे. आंब्यावर सीतेची वेणी आहे, जूनच्या सुमारास फुलते.' हितसंबंध असल्यास जाहीर करा. 'सात आंबे स्वत:चे आहेत.' ज्यांच्याशी तुमचा संबंध नाही अशा पाच तज्ज्ञांची नावे सुचवा. ज्यांच्याशी संबंध नाही त्यांची नावे ठाऊक असायची कशी, हा मास्तरांचा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. तुमच्या लेखात नवीन काय आहे? मास्तरांनी बराच विचार करून लिहिले, 'काही नाही. दर वर्षी मोहोर येतो.'

तिसऱ्या संध्याकाळी सगळे पार पडले आणि अकरा मिनिटांत उत्तर आले, की संदर्भांची मांडणी विहित नमुन्यात नसल्यामुळे लेखन परत पाठविले जात आहे. मास्तरांच्या लेखात संदर्भ नव्हतेच. डोळे होते आणि वह्या होत्या. त्यांनी वह्या माळ्यावर टाकल्या. गेल्या पावसाळ्यात त्यांतल्या दोहोंना वाळवी लागली.

हे ऐकून पुतणीचा चेहरा उतरला. "आमचं नियतकालिक होतं का?" तिने विचारले.

"नव्हतं," मी म्हटले. "पण तुमच्या पान नऊवर संस्था सक्तीचीच आहे."

आता थोडा इतिहास सांगतो, कारण तो मला त्याच रात्री वाचून काढावा लागला. इंग्लंडातल्या रॉयल सोसायटीच्या हेन्री ओल्डेनबर्गने १६६५ साली फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स सुरू केले. ते आजही चालू आहे. या ओल्डेनबर्गला १६७३ पासून डेल्फ्ट गावच्या एका कापडव्यापाऱ्याची पत्रे येऊ लागली. अँटनी व्हॅन लेव्हेनहूक त्याचे नाव. त्याला लॅटिन येत नव्हते, इंग्रजी येत नव्हते. तो आपल्या डच भाषेत, गप्पा मारल्यासारखे लिही. पाण्याच्या थेंबात त्याला सूक्ष्म जीव दिसले होते. ओल्डेनबर्गने ते पत्र इंग्रजीत उतरवून १६७७ साली छापले. संस्था : कापडाचे दुकान. त्याच नियतकालिकाने १७८९ साली नॉरफोकच्या रॉबर्ट मार्शम नावाच्या जमीनदाराच्या नोंदी छापल्या. वसंताची पहिली पाने, बेडकाचे पहिले ओरडणे, पहिली कोकिळा. १७३६ पासूनच्या नोंदी! त्याच्या घराण्याने त्या १९५८ पर्यंत चालू ठेवल्या आणि आजचे हवामानाचे अभ्यासक त्या मानाने उलगडतात. म्हणजे जे विज्ञान पूर्वी मुक्त म्हणवत नव्हते त्याने आमच्या मास्तरांना आत घेतले असते. आणि जे आज स्वत:ला मुक्त म्हणवते त्याने त्यांना अकरा मिनिटांत बाहेर काढले. दार वाचकाला सताड उघडले आहे. लेखकाने मात्र मागल्या बाजूने, पायताण काढून यायचे.

बरे, आतल्या माणसांचे तरी सुख आहे का? १९७८ च्या जानेवारीत काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हरला जमले होते. दर ठिकाणी वेगळी मांडणी करताना लेखकांचा जीव जातो, तेव्हा सर्वांनी एकच नमुना मान्य करावा, असा सद्हेतू. १९७९ मध्ये तो नमुना छापला. त्यानंतर चाळीस वर्षांनी, २०१९ साली, प्लॉस वन या मुक्त नियतकालिकात एक पाहणी आली. एकेचाळीस देशांतल्या ३७२ संशोधकांना विचारले होते. एका निबंधाच्या निव्वळ मांडणीपायी मध्यम हिशेबाने चौदा तास, आणि माणशी वर्षाला बावन्न तास! विज्ञान नव्हे हो. समास, स्वल्पविराम आणि लेखकाच्या नावाआधी आडनाव की आडनावाआधी नाव. इतक्या तासांत मास्तरांनी वर्षभराचे काजवे मोजले असते.

मी हे सगळे तावातावाने बोललो. पुतणी शांतपणे म्हणाली, "काका, सगळे नियम काढून टाकू मग?"

इथे परीक्षकाची पंचाईत झाली, ती लपवण्यात अर्थ नाही. तिने मला समजावले. औषधांच्या चाचण्यांचे निबंध पूर्वी असे लिहीत, की सुरुवातीला रुग्ण किती होते, मध्येच किती गळले, का गळले, पत्ता लागत नसे. जे टिकले त्यांच्यावर गुण आला म्हणायचे. १९९६ साली कॉन्सॉर्ट नावाची यादी निघाली आणि हा हिशेब मांडणे नियमात आले. तो नियम पाळायचा नसेल, तर उद्या तुम्हीआम्ही गिळू त्या गोळीचा भरवसा कुणी द्यायचा? काही नियम दारावरच्या तोरणासारखे असतात, काही धरणाच्या भिंतीसारखे. तोरण काढले तर शोभा जाते, एवढेच.

"आणि तुमच्या मास्तरांना मी एकच विचारीन," ती म्हणाली. "फोन लावा."

लावला. तिने विचारले, "मास्तर, मोहोराची नोंद दर वर्षी एकाच झाडाची आहे का?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग मास्तर म्हणाले, "नाही, बाळ. पहिली अकरा वर्षं शाळेच्या कुंपणाचा रायवळ. तो सत्त्याण्णवच्या पावसात पडला. मग विहिरीजवळचा हापूस. वहीत लिहिलंय मी तसं, पण विचारलं नाही कुणी."

पुतणीने माझ्याकडे पाहिले. रायवळ आणि हापूस यांचा मोहोर एकाच वेळी यायचे बंधन नाही. हे झाड बदलणे लक्षात घेतले नाही, तर झाडाचा फरक हवामानाच्या नावावर जमा होईल आणि सगळ्या नोंदी फसव्या ठरतील. लक्षात घेतले, तर दोन्ही झाडांच्या नोंदी सोन्याच्या. संपूर्ण लेखनाचे मोल ठरवणारा प्रश्न हा एवढा, आणि प्रणालीच्या सगळ्या पानांत तो कुठेही नव्हता. तिने मास्तरांना संस्था विचारली, पदवी विचारली, विभागप्रमुख विचारला. झाड विचारले नाही. माझ्या सगळ्या विनोदी शेऱ्यांपेक्षा या फोनने त्या सूचनांचे जास्त कठोर परीक्षण केले.

मग आम्ही दोघे बसलो. मी दिवाळी अंकाच्या परंपरेला जागून पाच ओळींवर अडून राहिलो. तिने त्या पाचांत जितके कोंबता येईल तितके कोंबले.

पहिली : प्रथम पाठवताना कोणत्याही नमुन्यात पाठवा, वाचता आले म्हणजे झाले. मांडणीचे नंतर, निबंध स्वीकारल्यावर पाहू. अलीकडे काही मोठ्या प्रकाशकांनीही हे चालू केले आहे आणि आभाळ कोसळलेले नाही.

दुसरी : प्रत्येक नियमाशेजारी त्याचे कारण. कारण सुचले नाही, तर नियम काढायचा. या एका चाळणीने सतरा पाने गळली. दुप्पट अंतर पहिल्या झटक्यात गेले. मी त्याला नमस्कार केला.

तिसरी : तुमच्या निबंधाचे इथे काय होईल. कोण वाचील, किती आठवड्यांत कळेल, परीक्षकाचे नाव उघड असेल की झाकलेले, आणि पैसे पडतील का. पैसे पहिल्याच पानावर, ठळक. वाचकाला फुकट म्हणजे लेखकाला फुकट असे नसते; २०२० च्या अखेरीस नेचरने एका मुक्त निबंधाला ९,५०० युरो असा दर जाहीर केला होता. हा आकडा शेवटच्या पानावर वाचायला मिळणे प्रकृतीला बरे नव्हे. काय होईल हे आधी सांगणे थोरामोठ्यांनाही लागते. १९३६ साली आइन्स्टाइनने अमेरिकेच्या फिजिकल रिव्ह्यूला निबंध पाठवला आणि संपादकाने तो एका तज्ज्ञाला दाखवला. न विचारता दाखवला म्हणून आइन्स्टाइन इतका रागावला, की निबंध काढून घेऊन त्याने दुसरीकडे दिला. गंमत म्हणजे त्या तज्ज्ञाने काढलेली चूक खरी होती आणि पुढे ती दुरुस्तही झाली!

चौथी : परीक्षक ज्या यादीवरून तपासणार ती यादी लेखकालाही आधी द्या. जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर हे २०१६ पासून करते. तिथे परीक्षण सगळ्यांच्या देखत चालते आणि पैसेही पडत नाहीत. शाळेत आम्हांला प्रश्नपत्रिका आधी मिळाली असती, तर मीही शास्त्रज्ञ झालो असतो, असे मी म्हटले. पुतणीने ते लिहून घेतले नाही.

पाचवी : ज्याला संस्था नाही त्याच्यासाठी 'स्वतंत्र' असा रकाना, भाषेची अडचण असल्यास मदत, आणि अडले तर विचारायला एक जिवंत माणूस, नावानिशी. युनेस्कोने २०२१ च्या नोव्हेंबरात मुक्त विज्ञानाची शिफारस मंजूर केली. तिच्यात विद्यापीठाबाहेरच्या माणसांना आणि त्यांच्या ज्ञानाला सामील करून घेण्याचे सुंदर शब्द आहेत. सुंदर शब्दांना उतरायला एक रकाना लागतो.

अगदी तळाशी तिने एक ओळ स्वत:हून घातली. या सूचना अमुक तारखेला सुधारल्या. खटकले तर कळवा, पुन्हा सुधारू. 'पत्रव्यवहार करू नये' वाचून ज्याची हयात गेली त्याचे डोळे या ओळीपाशी भरून आले नसते तरच नवल.

मंडळाने हे सगळे मान्य केले असे समजू नका. दोन सभासदांनी ओळींमधले अंतर परत मागितले आहे. तरी सध्या त्रेचाळीसची नऊ पाने झाली आहेत. पुतणीची एक विद्यार्थिनी मे महिन्यात कोकणात जाऊन वह्यांची छायाचित्रे काढून आली. वाळवी लागलेल्या दोहोंपैकी एक बरीचशी वाचता येते. दुसरी येत नाही. ती १९९१ ची आहे. त्या वर्षी मोहोर कधी आला, ते आता कुणालाच कळणार नाही.

सूचनांचा मसुदा मराठीत मी करावा असे ठरले. मी मोठ्या उत्साहाने बसलो आणि हाताच्या सवयीने पहिलीच ओळ लिहिली : 'मजकूर कागदाच्या एकाच बाजूस लिहावा.' पुतणीने ती खोडली आणि समासात विचारले, 'कारण?'

मास्तरांना मसुदा पाठवला होता. त्यांचे उत्तर पोस्टकार्डावर आले. सगळे समजले, सोपे आहे, म्हणाले. फक्त एक शंका होती : परतीची तिकिटे किती रुपयांची लावायची?